माणसांचीही इशारा पातळी पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आणि इतरही दैनिकांत अधूनमधून एक बातमी छापून येते. बंद सदनिकेतून दुर्गंधी येऊ लागल्यावर शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवले, दार तोडले, आत एकट्याच राहणाऱ्या गृहस्थांचा किंवा बाईंचा मृतदेह मिळाला, मृत्यू काही दिवसांपूर्वी झाला असावा. चार ओळींत बातमी संपते आणि मग दोन दिवस चहाच्या गाड्यांवर मुलाबाळांच्या नावाने बोटे मोडली जातात. मुले कशी वागली हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून त्याविषयी मी लिहिणार नाही. मला लिहायचे आहे ते त्या बातमीच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांविषयी. माणूस एकटा पडतो तो दाराआड, कोणाच्या नकळत, अशी आपली समजूत असते. पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेली चोवीस वर्षे औषधांचे दुकान चालवताना मला जे दिसले ते या समजुतीला धरून नाही. एकटे पडत चाललेला माणूस चांगला दिसतो. आपण त्याच्याकडे त्या नजरेने पाहत नाही, एवढेच.

आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत असत. पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रक्तदाबाची रोज एक गोळी, हे त्यांचे औषध. परंतु अण्णांनी अख्खे पाकीट कधी घेतले नाही. ‘ताई, चारच द्या, उद्या-परवा येतोय की,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. पाकीट कापून देणे दुकानदाराला त्रासाचे असते. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेली बाजू आपल्याकडे राहील अशा बेताने कात्री चालवावी लागते आणि उरलेले तुकडे डब्यात जपून ठेवावे लागतात. पेन्शनीत महिनाअखेरीस ओढाताण होत असेल असे समजून मी एकदा म्हटले, ‘अण्णा, पाकीट न्या, पैसे सावकाश द्या.’ तेव्हा ते हसून म्हणाले, ‘पैशाचं नव्हं ओ ते.’ मग कशाचे, हे समजायला मला बराच काळ लागला. चार गोळ्या म्हणजे चार दिवसांनी घराबाहेर पडायला एक सबळ, कोणालाही सांगता येईल असे कारण. औषध घेऊन झाल्यावर ते दहा-पंधरा मिनिटे फळीला टेकून उभे राहत, शाहू स्टेडियमवरच्या कालच्या सामन्यात पंचांचे कुठे चुकले ते सांगत, गिऱ्हाइकांना गाड्यांच्या वेळा सांगत आणि जात.

करोनाच्या साथीनंतर आम्ही घरपोच औषधे देऊ लागलो. त्यामागे सोय होती तशी धंद्याची निकडही होती, हे कबूल करते. पिंपरीला असलेल्या अण्णांच्या मुलीने दुकानाचा नंबर घेतला आणि दर महिन्याला तीस गोळ्यांचा निरोप मोबाइलवर येऊ लागला. वडिलांना उन्हातान्हात यावे लागू नये, ही तिची इच्छा चांगलीच होती. आमचा मुलगा पिशवी दारात देऊन यायचा. पुढे अण्णांचे विजेचे बिलही मुलगी तिकडूनच भरू लागली, बँकेत जाणे थांबले, दूधवाला पिशवी कडीला अडकवू लागला. पाच-सहा महिन्यांनी ते एकदा खोकल्याचे औषध घ्यायला स्वतः आले, तेव्हा शर्टाची बटणे वरखाली लागली होती आणि बोलताना मध्येच शब्द शोधत होते. मी सहज विचारले, ‘घरी येणंजाणं असतं का कुणाचं?’ त्यावर ते म्हणाले, ‘पेपरवाला येतो की रोज. पण त्यो बी खालनंच टाकतो.’

यात दोष कोणाचा? मुलीचा नाही, दूधवाल्याचा नाही. असलाच तर थोडा माझा आहे, कारण मला कळायला हवे होते. प्रत्येकाने अण्णांची एकेक खेप वाचवली आणि सगळ्यांनी मिळून त्यांचे बाहेर पडणेच संपवले. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, माणूस एकटा पडू लागला आहे का हे ओळखायचे असेल तर त्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधत बसू नये. गेल्या वर्षी तो ज्या किरकोळ कामांसाठी बाहेर पडत होता त्यांतली किती बंद पडली, ते मोजावे.

एकटे पडणे आणि एकाकी वाटणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. माणसांशी संबंध प्रत्यक्षात कमी होणे, ज्यांच्याशी बोलता येईल अशा व्यक्तींची संख्याच घटणे, हे एकटे पडणे; आणि हवे तसे जवळचे कोणी नाही ही आतली खंत म्हणजे एकाकीपणा. भरल्या घरात सून एकाकी असू शकते आणि एकट्याने राहणारी एखादी निवृत्त परिचारिका मजेत असू शकते. दुसरी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही. पहिली मात्र बाहेरून मोजता येते, आणि तिचा शरीरावर होणारा परिणाम त्या माणसाला वाईट वाटते की नाही यावर सर्वस्वी अवलंबून नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२० साली ज्येष्ठांविषयीचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सामाजिक संबंध तुटलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळल्याचे नमूद आहे. संबंध तुटके असणाऱ्यांत हृदयविकाराची जोखीम २९ टक्के आणि पक्षाघाताची ३२ टक्के अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक, म्हणजे तासाला सुमारे शंभर, इतके आहेत. रक्तदाबाच्या गोळीसाठी रांगेत उभे राहणाऱ्या आपल्या समाजाने हे आकडे हसण्यावारी नेऊ नयेत. (ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या कामासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे मंत्री नेमल्याने काय साधेल याविषयी मला फारशी खात्री नाही.)

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती फुटावर?’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. ३९ फुटांना पाणी बहुतेकांच्या उंबऱ्याला लागलेले नसते, तरीही माणसे सामान माळ्यावर चढवू लागतात, जनावरे हलवतात. माणसाच्या एकटे पडण्यालाही अशी पातळी असते आणि ती मोजायची पट्टी बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. लुबेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्टीच्या छोट्या आवृत्तीत सहाच प्रश्न असतात. तीन नातेवाइकांविषयी आणि तेच तीन मित्रांविषयी. महिन्यातून निदान एकदा तुमची किती नातेवाइकांशी भेट किंवा बोलणे होते? खासगी गोष्ट मोकळेपणाने सांगता येईल असे त्यांतले किती? मदतीला हाक मारता येईल इतके जवळचे किती? मग हेच मित्रांबाबत. कोणीच नाही तर शून्य, एक असेल तर एक, दोन असतील तर दोन, तीन-चार असतील तर तीन, पाच ते आठ असतील तर चार आणि त्याहून अधिक असतील तर पाच गुण. एकूण गुण ३०. बेरीज १२ च्या खाली आली की तो माणूस एकटे पडण्याच्या जोखमीत आहे असे धरतात. हे काही आजाराचे निदान नव्हे. ३९ फूट म्हणजे पूर नव्हे, तसेच.

मी हे प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहिले. रोज दीडशे माणसांशी बोलणाऱ्या मला नातेवाइकांत बरे गुण मिळाले. मैत्रिणींच्या तिसऱ्या प्रश्नाला मात्र बराच वेळ थांबावे लागले. तेव्हा हे केवळ म्हाताऱ्यांचे दुखणे आहे असे कृपा करून कोणी समजू नये. वर उल्लेखिलेल्या जागतिक अहवालात एकाकी वाटण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते १३ ते २९ या वयोगटात. माझ्याच गिऱ्हाइकांत पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणारा पस्तिशीतला एक अभियंता आहे. तो लॉकडाउनमध्ये परत आला तो इथेच राहिला. शाळेतले सवंगडी आपापल्या संसारात, कार्यालयातले सहकारी पडद्यावर, आणि आठवड्यात घराबाहेर पडणे ते झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतील का हे विचारायला. (मिळत नाहीत.) अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सात वर्षे शुश्रूषा करणाऱ्या एक बाई आहेत, त्या फक्त डायपर न्यायला येतात आणि गेल्या सात वर्षांत एका लग्नाला गेलेल्या नाहीत. नोकरी गेलेला किंवा घटस्फोट झालेला पन्नाशीचा पुरुष तर सगळ्यांत अवघड, कारण त्याला विचारावे तर तो ‘एकदम मजेत’ असे उत्तर देतो आणि विषय बदलतो.

यावर कोल्हापूरकर म्हणतील की आमच्या गावात असे होत नाही. इथे गल्लीगल्लीत तालीम आहे, मंडळ आहे, कट्टा आहे. मलाही या गोष्टींचा अभिमान आहे. आषाढात पंचगंगेच्या नव्या पाण्याचे कलश घेऊन त्र्यंबोलीच्या यात्रेला सारी गल्ली ‘पी ढबाक’च्या तालावर निघते, तेव्हा कोण आले आणि कोण आले नाही याची हजेरी आपोआप लागते. वर्गणीला पोरे घरोघरी जातात तीही एक प्रकारची विचारपूसच. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक म्हणजे, तालमीचा कट्टा हा पेठेतल्या पुरुषांचा आहे. सासऱ्यांच्या माघारी दुकान चालवणारी मी चोवीस वर्षे त्या कट्ट्यासमोरून जाते-येते, पण त्यावर एकदाही बसलेली नाही आणि बसायला कोणी सांगितलेलेही नाही. दुसरी म्हणजे, शहर आता पेठांत राहिलेले नाही. मी स्वतः राहते ती कळंब्याकडच्या एका इमारतीत. तिथे चोवीस सदनिका आहेत, व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप आहे आणि त्यावर रोज सकाळी वीस शुभप्रभात येतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान वारले हे मला अकराव्या दिवशी कळले. पेठेतसुद्धा आता वर्गणी मोबाइलवर पाठवण्याची सोय झाली आहे. पोरांची खेप वाचते, हिशेब चोख राहतो. दार मात्र वाजत नाही.

औषधवाली म्हणून जे दिसते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण त्याची चर्चा फारशी होत नाही. माणूस लोकांत जाणे सोडतो त्यामागे पुष्कळदा मन नसते, शरीर असते, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. कान हे पहिले कारण. ऐकू कमी येऊ लागले की माणूस दोनदा ‘काय?’ म्हणतो, तिसऱ्यांदा हसून मान डोलावतो आणि पुढच्या वेळी जातच नाही. घरच्यांना वाटते स्वभाव तुसडा झाला. अशा कित्येकांच्या कानात नुसता मळ साठलेला असतो, तो डॉक्टरांकडून काढून घेतला की काम भागते. ज्यांना यंत्र लागते त्यांतले बरेच जण ते कपाटात ठेवतात, कारण बारीक सेल बदलणे थरथरत्या बोटांना जमत नाही; त्यांनी दुकानात यावे, आम्ही बदलून देतो. दुसरे कारण लघवीच्या गोळीचे. रक्तदाब किंवा हृदयाच्या दुखण्यासाठी ही गोळी सकाळी दिलेली असते, पुढचे काही तास वारंवार जावे लागते आणि रस्त्यात सोय कुठे आहे याची खात्री नसते. बायकांचे तर विचारूच नका. मग रंकाळ्यावरचे फिरणे बंद, हळदीकुंकू बंद, देवदर्शन बंद. गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का हे डॉक्टरांना विचारायचे असते, हे कित्येकांच्या गावीही नसते. स्वतःच्या मनाने मात्र ती कोणी बदलू नये. गुडघे, मोतीबिंदू आणि न बसणारी कवळी यांविषयी वेगळे सांगायला नको. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना श्रवणयंत्र, चष्मा, काठी, वॉकर अशा साधनांसाठी एकवेळ ३००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचवणे हेसुद्धा मोठे काम आहे.

उपायांकडे वळताना एक इशारा द्यावासा वाटतो. बराच काळ एकटा राहिलेला माणूस बोलावल्याबरोबर येत नाही. त्याला साध्या वाक्यातही नकार किंवा कीव ऐकू येऊ लागते, तो संशयी होतो, चिडतो. या विषयाच्या अभ्यासकांनीही हे नोंदवले आहे. म्हणून ‘आम्ही बोलावले होते, तेच आले नाहीत’ असे म्हणून पहिल्या नकाराला हात झटकू नयेत. तसेच त्याला ‘या, बसा, गप्पा मारू’ असे म्हणण्यापेक्षा ‘जरा एवढे काम करता का?’ असे विचारलेले अधिक लागू पडते, असा माझा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेतले डॉक्टर अशा रुग्णाला एका खास कार्यकर्त्याकडे पाठवतात आणि तो त्याला बागकाम, गायन, चालण्याचा गट अशा ठिकाणी जोडून देतो. आपल्याकडे त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळे आहेत, १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्धे तिकीट आहे. अडते ते पहिल्या दोन-तीन खेपांना. तेवढ्या वेळा कोणीतरी सोबत जायला हवे. फॅमिली डॉक्टरांनी नाडी पाहता पाहता ‘काल कोणाशी बोललात?’ एवढे विचारले, आणि सोसायट्यांनी वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीइतकाच वेळ एकट्या राहणाऱ्या रहिवाशांच्या यादीला दिला, तरी पुष्कळ होईल. २०१९ च्या पुरात औषधे पोचवताना मला असे एक घर सापडले होते की जिथल्या आजींचा फोन नंबर इमारतीत कोणाकडेच नव्हता. महापालिकेने विरंगुळा केंद्रे जरूर काढावीत. फक्त तिथे स्वच्छतागृह आधी बांधावे आणि बाके नंतर टाकावीत.

अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ ही आणि कोणत्याही वयाच्या व्यक्तीला मानसिक त्रासात बोलण्यासाठी १४४१६ ही टेलिमानसची मदतवाहिनी विनामूल्य आहे. दोन्ही क्रमांक मी दुकानात फळीवर लावले आहेत. लोक ते उघडपणे लिहून घेत नाहीत. मोबाइल काढून दुसरेच काही पाहत असल्यासारखे करतात आणि फोटो घेतात.

अण्णांच्या मुलीशी मी फोनवर बोलले. ‘घरपोच बंद करू का?’ असे विचारले तेव्हा तिला आधी राग आला, आणि ते स्वाभाविक होते. शेवटी असे ठरले की पाऊस फार असेल तेव्हाच पिशवी घरी जाईल. यंदाच्या जूनमध्ये मी दुकानाबाहेर एक फळा टांगला आणि रोज संध्याकाळी सहा वाजता त्यावर पंचगंगेची पातळी लिहायचे काम अण्णांना दिले. पहिले चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते मी आदल्या दिवशी लिहिलेला इंचांचा आकडा चुकला आहे हे सांगायला. तेव्हापासून खडू त्यांच्याकडे आहे. गोळ्या अजूनही चारच नेतात. पावसाळा सरल्यावर फळ्यावर काय लिहायचे, हे आमचे अजून ठरलेले नाही.

आपणास एकच विनंती आहे. पावसाळ्यात आपण रोज पंचगंगेच्या पातळीची चौकट छापता. त्याच चौकटीखाली एखाद्या रविवारी वरचे सहा प्रश्न गुणांसह, ज्येष्ठांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावेत.

कळावे.

आपली,
एक औषध विक्रेती,
मंगळवार पेठ, कोल्हापूर